मामंजी आणि सातारची खानावळ

मामंजी कुठल्याही खानावळीत सरळ शिरत नसत. आधी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, जेवून बाहेर पडणाऱ्या माणसांची तोंडे बघत. दोन-तीन माणसे बाहेर येईपर्यंत त्यांचा पाय हलत नसे, मग डोक्यावर ऊन असो की मोटारीची वेळ झालेली असो. "आत जानारा नुसता भुकेला असतोय," ते म्हणत, "त्येला काय इचारायचं? भायेर येनाऱ्याचं त्वांड बघावं." बाहेर आल्या आल्या जो पुन्हा पाणी मागतो, त्याला आत तिखटाने मारलेले असते. जो भराभर चालू लागतो, त्याच्या मनासारखे झालेले नसते. आणि जो पायरीवर थांबून, टोपी नीट करून, काही काम नसल्यासारखा रस्त्याकडे बघत राहतो, तो खरा जेवलेला. असा माणूस दिसला की मामंजी धोतराचा सोगा सावरत मला म्हणत, "चल पोरी. सापडलं."

मामंजी म्हणजे माझे सासरे. वाळव्याकडच्या आमच्या गावात सगळे त्यांना नाना म्हणत. अंगाने वाळलेले, उंच, डोक्याला पांढरा पटका. ते खादाड नव्हते. घरी ताटात येईल ते मुकाट जेवत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एखाद्या दिवशी आमटीत मीठ विसरल्या तरी त्यांनी कधी तोंड वाकडे केले नाही. "घरात बाई चुलीम्होरं बसती, तिला नावं ठिवू नयेत," असे ते म्हणत. "भायेर आपून आपल्या पायानं जातो. तितं डोळं उघडं ठिवून जावं."

हळद घेऊन ते वर्षातून चार-पाच वेळा सांगलीला जात. तिथल्या गणपती पेठेतले जेवणाचे प्रत्येक ठिकाण त्यांना माहीत होते. कुणाची आमटी सकाळची असते, कुणाकडे ताकात पाणी जास्त, कुठे हमाल जेवतात आणि कुठे दलाल, हे ते गावात बसून सांगत. सांगलीत त्यांचा एकच नियम होता: जिथे हळदीच्या वखारीतले हमाल जेवतात तिथे जेवावे. पोते उचलणारा माणूस वाईट भाकरी दुसऱ्यांदा खात नाही.

सातारा मात्र त्यांना परका होता. आम्हांला तिथे जावे लागले ते मालकांमुळे. मालक म्हणजे माझे यजमान. बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडल्या म्हणून त्यांना धरले आणि चार वर्षांची सजा देऊन साताऱ्याच्या तुरुंगात ठेवले. तेव्हा आमच्या लग्नाला सात महिने झाले होते, आणि त्यांतले दोन महिने तर ते रानात लपून होते. महिन्यातून एकदा घरच्या माणसांना भेटू देत. आत्याबाईंना मोटार सोसत नसे, कासेगाव येईपर्यंतच त्यांचे डोके फिरू लागे. म्हणून मामंजींबरोबर मी जायची. लढाईचे दिवस होते, मोटारी कोळशावर चालत. चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचे. साताऱ्यात पोचेपर्यंत आमची तोंडे काळी झालेली असत.

पहिल्या खेपेला मामंजींनी सांगलीचा नियम साताऱ्यात नुसत्या गर्दीला लावला आणि फसले. भेटीच्या आधी कुठेतरी दोन घास खायचे होते. कोर्टाजवळ एक खानावळ होती, आत बसायला जागा नव्हती इतकी गर्दी. इतकी माणसे जेवताहेत म्हणजे चांगलेच असणार, असे धरून, बाहेर येणाऱ्यांची तोंडे न बघताच ते शिरले. आमटी म्हणजे नुसते पिवळे पाणी, आणि भाकरी कडेला कच्ची. नंतर कळले की ती सगळी माणसे तारखेला आलेली होती. पुकारा होईल म्हणून कोणालाच तिथून लांब जाता येत नव्हते. मामंजी बाहेर येऊन बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गरजंची गर्दी येगळी आनि चवीची गर्दी येगळी. ह्ये मला ह्या वयात कळावं व्हय?"

त्याच दिवशी तुरुंगातली पहिली भेट झाली. मधे लाकडी गजांचे कठडे, पलीकडे मालक, बाजूला पहारेकरी. घरचे, शेताचे आणि तब्येतीचे एवढेच बोलायचे, अशी ताकीद होती. पण बाप-लेक दोघेही गप्प. मी तर मामंजींच्या मागे, पदर कपाळापर्यंत ओढून उभी. आमच्याकडे सासऱ्यासमोर सून नवऱ्याशी बोलत नसे. घरातसुद्धा मी त्यांच्याशी मामंजींच्या देखत एक शब्द बोललेली नव्हते, तर तिथे कशी बोलणार? शेवटी मालकांनीच काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, "नाना, जेवलासा का?"

"जेवलो."

"कुठं?"

तेव्हा मामंजींनी त्या खानावळीची सगळी कथा सांगितली. आमटी कशी दिसत होती, वाढपी कसा आमटीत पळी बुडवून तळ शोधत होता, आणि शेजारचा एक पक्षकार कसा म्हणाला की, "साहेब, मला सजा झाली तरी चालंल, पर हितं पुन्यांदा तारीख नगं." मालक हसले. आधी बारीक आणि मग खांदे हलेपर्यंत. पहारेकरीही भिंतीकडे बघून हसला. धरल्यापासून त्यांना हसताना कोणी पाहिले नव्हते. मी तर त्यांचे ते हसणे पहिल्यांदाच ऐकले.

परतीच्या वाटेवर मामंजी म्हणाले, "येकदा वाईट जेवनाचं सांगून भागलं. दर खेपंला वाईट सांगितलं तर पोराला वाटंल, बापाचे हाल चाललेत. म्होरल्या खेपंला चांगलं हुडकाय पायजे." तुरुंगात बाहेरचे काही नेऊ देत नसत, आणि आत रोज तीच भाकरी, तीच डाळ. सांगितलेले जेवण मात्र कोणी दारावर अडवत नव्हते. तेव्हापासून साताऱ्यातली चांगली खानावळ शोधणे हे त्यांनी शेताच्या कामासारखे अंगावर घेतले.

एका भेटीला आम्हांला साताऱ्यात जेमतेम चार तास मिळत. तेवढ्यात शोधायचे, जेवायचे, भेटायचे आणि मोटार गाठायची. मामंजी पाट्या वाचणाऱ्यांतले नव्हते. ते टांगेवाल्यांना विचारत, तेही एकाला नाही, दोघांना, आणि दोघांनी वेगवेगळी नावे सांगितली तर दोन्ही ठिकाणी जाऊन बघत. राजवाड्याकडे एक मोठी खानावळ होती, भिंतीला आरसे लावलेली. तिथे पाटावर बसल्यावर त्यांनी वाढायला आलेल्या म्हाताऱ्याला विचारले, "गड्या, तू कुठं जेवतोस?"

"मी? मी घरी जातो की जेवाय."

"लांब हाय का घर?"

"हाय की. गोडोलीला."

मामंजी पटकन उठले आणि पटका डोक्यावर ठेवला. वाढपी म्हणाला, "आवं, काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाई बाबा. तू रोज गोडोलीपतूर चालत जातोस, आमी फुडल्या पेठंपतूर जातो."

आणखी एक अडचण होती, ती माझी. त्या काळी खानावळीत बायका पंगतीला बसत नसत. म्हणून मामंजी आधी विचारत, "आत बायामानसाला बसाय जागा हाय का?" जागा म्हणजे चुलीपाशीच. ते बाहेर पंगतीत आणि मी आत स्वैपाकघरात. पहिल्यांदा मला वाटले, जीव जाईल लाजेने. जेवून बाहेर आल्यावर रस्त्याने चालता चालता मामंजींनी विचारले, "फुडचं मी बगितलं. आतलं तू सांग." मी मान हलवली. ते म्हणाले, "मान हलवून चव कळत न्हाई, पोरी."

ते चालताना माझ्यापुढे दहा पावले असत, तशीच पद्धत होती. दुसऱ्या खेपेला पुन्हा विचारले तेव्हा मी खाली बघत म्हणाले, "चिंच न्हाई. आमसूल घालत्यात." मामंजी थांबले नाहीत, पण त्यांची चाल मंद झाली. मी पुढे सांगितले की पिठाचे डबे उघडे होते आणि कालवणावर झाकण नव्हते. त्या दिवसापासून ते माझ्यापुढे चार पावलेच असत. माझा आवाज बारीक होता आणि त्यांना ऐकायचे असे.

गोदूबाईंची खानावळ आम्हांला चौथ्या खेपेला सापडली. एका बोळात, घराच्या पुढच्या सोप्यात, पाटी नाही. तिथून एक टपालवाला बाहेर पडला, पायरीवर टेकला आणि त्याने पिशवीसुद्धा उचलली नाही. मामंजी म्हणाले, "ह्येची टपालं आज उशिरा पोचनार. चल." गोदूबाई विधवा, तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. भाकरीचे पीठ घेण्याआधी प्रत्येक वेळी हात धुवायच्या. तेव्हा कंट्रोलाच्या दुकानात ज्वारीऐवजी मिलो नावाचे लाल विलायती धान्य मिळे, त्याची भाकरी थापताना फाटते. त्या उकळत्या पाण्यात पीठ भिजवून अशी मळत की त्यांची भाकरी फुगे. मी बघत बसले तर म्हणाल्या, "नुसती बघू नगंस, तवा उतर." मी उतरला. मग म्हणाल्या, "तुरुंगात कोन हाय तुजं?" मला उत्तर देता येईना, कारण नाव घ्यायचे नव्हते. त्या म्हणाल्या, "कळलं. घे, ह्यो खरडा घे."

त्या दिवशी मी मामंजींना आतले इतके सांगितले की तुरुंग कधी आला ते कळले नाही. आणि त्यांनी ते सगळे मालकांना सांगितले, उकळत्या पाण्यासकट. मालक गजांना कपाळ लावून ऐकत. "खरडा कशाचा? हिरव्या मिरचीचा? शेंगदाणं हुतं?" मामंजी मागे वळून मला विचारत, "हुतं का गं?" मी मान हलवली की ते पुढे बघून सांगत, "हुतं." असे आमचे चाले. मला वाटायचे, जेवणाचे नुसते ऐकून ज्याला एवढे बरे वाटते, त्या माणसाच्या घरी आपण राहावे. पण हे मी कुणाला सांगणार, आणि मला कोणी विचारले नव्हते.

दिवाळी झाल्यावर माझे वडील आमच्या घरी आले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. चहा झाल्यावर ते मामंजींना म्हणाले, "नाना, राग धरू नगासा. पोर सतरा वर्सांची हाय. सजा चार वर्सांची. सुटल्यावर ह्यो गप घरात बसंल ह्येचा काय भरवसा? आपल्यात दुसऱ्या लग्नाचा पाट लावत्यात. संक्रांतीपतूर काय त्ये सांगा, न्हाईतर मी तिला घिऊन जातो." मी दाराआड होते. मामंजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "पोरगी तुमची. पर पोराच्या कानावर घातल्याबिगर मी काय बोलायचा न्हाई."

पुढच्या भेटीत त्यांनी ते मालकांच्या कानावर घातले. आधी गोदूबाईंच्या वांग्याचे सांगितले आणि मग हे. मालकांनी गज सोडले. माझ्याकडे बघितले नाही. म्हणाले, "आबांचं खरं हाय. धाडा तिला. माझ्यापायी कशाला तिचं वाटूळं?"

मामंजी म्हणाले, "आसं कसं—" तेवढ्यात वेळ संपली. परत येताना ते पुन्हा माझ्यापुढे दहा पावले चालत होते. वाठारच्या अलीकडे मोटार चढाला थांबली, सगळे उतरून चालू लागले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "संक्रांतीच्या आदी आजून येक खेप हाय."

त्या खेपेला बुधवार होता. आम्ही गोदूबाईंकडे पोचलो. मामंजींनी मला आत जायला सांगितले आणि स्वतः पायरीवरच बसले. पाट मांडला तरी उठेनात. "आज माजा उपास हाय," ते म्हणाले.

गोदूबाई चुलीपासून ओरडल्या, "बुधवारचा कसला उपास? म्हातारपनी नवा देव धरला व्हय, पावनं?"

"तू भाकरी थाप. तिला नीट वाढ म्हंजे झालं."

"आवं, मग ताक तरी घ्या."

"न्हाई. ताक बी चालत न्हाई."

"बाई बाई! देव लय कडक दिसतोय!"

मला माहीत होते की मामंजी आषाढीखेरीज उपास करत नाहीत. सकाळी घरातून निघतानाही उपासाचे काही नव्हते, मी शिदोरी बांधून दिली होती, ती मात्र त्यांनी मोटारीत माणसांना वाटून टाकली होती. मला वाटले, काळजीने अन्न जात नसेल. मी जेवले. गोदूबाईंनी त्या दिवशी पावट्याची उसळ केली होती. निघताना मी त्यांच्याशी हळूच काही बोलले, ते पुढे येईलच.

तुरुंगात मालक आले. चेहरा उतरलेला. तरी सवयीने त्यांनी विचारले, "आज कुठं जेवलासा, नाना?"

मामंजी म्हणाले, "मी न्हाई जेवलो. माजा उपास हाय. जेवली ती. तिला इचार."

मी मामंजींच्या मागे, मान खाली. मला माझ्या पायांची बोटे तेवढी दिसत होती. पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. वेळ चालली होती. कोणी काही बोलले नाही तर वेळ संपणार, आणि संक्रांतीला आबा येणार, हे मला दिसत होते. मग मालक हळूच म्हणाले, "काय हुतं जेवनात?"

मी म्हणाले, "पावट्याची उसळ."

"आनि?"

"भाकरी. मिलोचीच. पर आज फाटली न्हाई. दोन मी थापल्या."

"कशी झाली उसळ?"

"वाईच मीठ कमी हुतं. मी सांगितलं त्यास्नी. त्या म्हनाल्या, म्होरल्या खेपंला भरलं वांगं करते." इथपर्यंत आलेले वाक्य आता मागे नेता येत नव्हते. "मी त्यास्नी सांगून ठिवलंय, मी येनार हाय म्हनून. म्होरल्या खेपंला बी, आनि त्येच्या म्होरल्या बी. दर खेपंला."

मी वर बघितले नाही. मग मालकांचा आवाज आला, "तिखाट जास्त घालाय सांग त्यास्नी."

"सांगते," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर मामंजी पाय भराभर उचलत होते. मोटारीला तासभर होता. ते सरळ त्या बोळात शिरले आणि गोदूबाईंच्या पाटावर जाऊन बसले. गोदूबाई म्हणाल्या, "सुटला व्हय उपास?"

"सुटला," मामंजी म्हणाले. "वाड."

गोदूबाईंनी भाकरीची टोपली माझ्याच हातात दिली. खानावळीच्या पंगतीत मी वाढले ते तेवढे एकदाच. मामंजींनी पाच भाकऱ्या खाल्ल्या. मीठ कमी असल्याचे काही बोलले नाहीत.

संक्रांतीला आबा आले. मामंजींनी त्यांना तिळगूळ दिला आणि सांगितले, "पोरीनं तिचं तिनं सांगितलंय. आता तुमी नगं, मी बी नगं." आबा माझ्याकडे बघत राहिले. मी चुलीपाशी गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मालक सजा पुरी व्हायच्या आधीच सुटले, राजकारणातल्या कैद्यांना सोडले तेव्हा. त्यानंतर मामंजी तीन वर्षे होते. साताऱ्याला त्यांचे पुन्हा जाणे झाले नाही. शेवटच्या आजारात त्यांनी कोणाला फार त्रास दिला नाही. आठ दिवस पडून होते, आणि एका सकाळी गेले.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात इतकी वर्षे सलत होती. सासऱ्याच्या देखत, त्यांच्या पाठीशी उभी राहून, मी नवऱ्याशी एवढे बोलले. त्यांना काय वाटले असेल? ते कधी बोलले नाहीत, आणि मला विचारायची छाती झाली नाही. मामंजींचे दिवस झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी मालकांना ते सांगितले. बुधवारच्या उपासाचेही सांगितले, की तो खरा नव्हता, मला बोलायला लागावे म्हणून त्यांनी पोट मारले होते. मालकांना तो उपास खराच वाटला होता.

ते म्हणाले, "आगं, पर नाना कुठं हुतं तितं? तू त्वांड उघाडल्याबरुबर त्ये भिताडाकडं वळलं. तितं नियमांचा फळा टांगल्याला हुता. पार वेळ सपस्तोवर त्यो फळा वाचत हुबं हुतं. पहारेकरी सुदिक म्हनाला, म्हातारबा लय ध्यान दिऊन वाचत्यात."

मालकांची तुरुंगातून आलेली सगळी पत्रे मीच मामंजींना वाचून दाखवत असे. त्यांना अक्षर येत नव्हते.